न झोंबणारी मिरची

राजारामपुरी, कोल्हापूर
वैशाख, १९८४

प्रिय कालिंदी,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी घाबरलेली आहे, आणि घाबरल्यावर माझं अक्षर असं होतं हे मलाही आत्ताच कळतंय, कारण घाबरून पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. शाळेत पाल शेपटीला धरून खिडकीबाहेर भिरकावणारी मी, आणि बाकावर चढून किंचाळणारी तू. आता तू मुंबईला प्रयोगशाळेत उंदीर हाताळतेस आणि मी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघायला भिते. हसायचं तर आत्ताच हसून घे, पुढं हसण्यासारखं फार नाही. आणि हे पत्र तुझ्या माईंसमोर वाचू नकोस. विचारलंच तर सांग, राजी यंदाची चटणी पाठवतेय म्हणून कळवलंय.

आधी इथलं सांगते. चटणीचा हंगाम ऐन भरात आहे. सकाळी मी दार उघडायच्या आधीच बायका मिरच्यांची बोचकी घेऊन पायरीवर बसलेल्या असतात, आणि आमच्या चटणी कुटायच्या डंकाची मुसळं एकदा सुरू झाली की समोरच्या क्लासमधले मास्तर धडाधड खिडक्या लावून घेतात. तात्यासो गेल्यापासून बापाचा डंक मीच बघते. दादाला कोडोलीचं शेत सुटत नाही, आणि आमच्या ह्यांना शिरोलीच्या कारखान्यातून घरी आल्यावर आणखी एक यंत्र बघायची इच्छा उरत नाही. चातुर्मासात आमच्या जैनांच्या घरात लसणाची पाकळीसुद्धा येत नाही आणि अख्ख्या राजारामपुरीचा लसूण आमच्या परातीत, ह्याचं तुझ्या माईंना भारी हसू यायचं. तुझे वडील दत्तोपंत गेल्यावर तू माईंना मुंबईला नेलंस, तेव्हापासून शेजारच्या दाराला कुलूप आहे. मी अजूनही कधी कधी नवी चटणी वाटीत काढून त्या दाराशी जाते आणि कुलूप बघून परत येते.

माझ्या हाताची कीर्ती तुला माहीतच आहे. कुटलेली मिरची, तळलेला मसाला, लसूण, मीठ हे सगळं शेवटी परातीत हातानं कालवावं लागतं, आणि ते काम म्हणजे शिक्षा असते. चिमणाबाई माझ्याकडे कामाला लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिचे पंजे लालबुंद, सुजून टम्म झाले. बिचारी जेवायच्या सुट्टीत ताकाच्या पातेल्यात हात बुडवून बसायची. माझ्या हातांची मात्र गेल्या काही वर्षांत आग व्हायचीच थांबली. परातीत घालते, कालवते, नळाखाली धरते, झालं. बायकांना ह्याचं कोण कौतुक! तिसऱ्या गल्लीतली तानाबाई तर येणाऱ्याजाणाऱ्याला माझा हात धरून दाखवायची. ‘बगा की पावणं, मिरची झोंबतच न्हाय हिला. हात न्हवं त्यो, उलथायचा सराटा हाय सराटा!’ राजाक्कानं कालवलेली चटणी वर्षभर बुरसत नाही, असंही कुणीतरी उठवून दिलं. खरं सांगते, मलाही जरा मिजास चढली होती.

दिवाळीत तू आलीस तेव्हा तुलाही मी तो हात मिरवून दाखवला. तू मिरचीच्या पोत्यावर बसून, शिंका आवरत, चहा पीत होतीस. ह्यात चमत्कार काही नाही, असं म्हणालीस आणि मग तुझं ते सुरू झालं. तुला एकदा विषय मिळाला की चहा गार झाला तरी भान नसतं. तू सांगितलंस की आपण मज्जातंतूला तारखात्याची तार समजतो. इथलं दुखणं मेंदूला कळवलं की त्याचं काम संपलं. पण त्याच्या कातडीतल्या टोकांशी काही द्रव्यं साठवलेली असतात. मिरची लागली, चटका बसला, खरचटलं, की मेंदूकडे वर्दी जाते ती जातेच, पण त्याच वेळी ते टोक तिथल्या तिथं आपलं द्रव्य सोडतं. त्यानं आसपासच्या रक्तवाहिन्या फुलतात, कातडी लाल होते, पाणी झिरपून सूज येते आणि रक्तातल्या राखणदार पेशी गोळा होतात. म्हणजे मिरचीनं हात सुजतो तो काही एकट्या मिरचीनं सुजत नाही, सूज बोलावून घेण्यात मज्जातंतूचाही हात असतो. मी त्या द्रव्याचं नाव विचारलं तर म्हणालीस, सबस्टन्स पी, आणि तसलीच आणखी एक-दोन अलीकडे सापडलीत. एवढी शिकलेली माणसं आणि नाव काय, तर नुसतं पी! दादाच्या म्हशीलासुद्धा ह्याहून बरं नाव आहे, असं मी म्हटल्यावर तुझा चहा सांडला होता. मग तू सांगितलंस की रोज मिरची लागत राहिली तर ती टोकं रिकामी होतात, आणि मग आगही होत नाही आणि लालीही येत नाही. मिरची थांबवली की ती हळूहळू पुन्हा भरतात. माझे पंजे तसे मुरलेले आहेत. मला ते इतकं आवडलं की तू गेल्यावर कितीतरी दिवस मी ते गिऱ्हाइकांना ऐकवत होते.

आता तो डाग. उजव्या हातावर, कोपराच्या खाली, बाहेरच्या बाजूला, रुपयाहून थोडा मोठा, आजूबाजूच्या कातडीपेक्षा किंचित फिका. आधी वाटलं शिबं असेल. लिंबू चोळलं, गंधक लावून पाहिलं. मग एक दिवस लक्षात आलं की काम संपल्यावर दंडापर्यंत सगळा हात उडालेल्या पुडीनं तांबडा झालेला असतो आणि तेवढी जागा मात्र स्वच्छ राहते. तिथं घामच येत नव्हता, त्यामुळं पूड चिकटत नव्हती. मी ती जागा पुन्हा पुन्हा पुसून पाहिली. पण लगेच तुझं बोलणं आठवलं. टोकं रिकामी झाली असतील, दुसरं काय! इतकं छान शास्त्रातलं कारण हाताशी असताना डॉक्टरकडे कोण जातं? तुझा दोष नाही गं. तू सांगितलंस ते खरंच होतं, मी ते नको तिथं नेऊन चिकटवलं. दुसऱ्या कुठल्या बाईचा हात बधिर झाला तर ती घाबरेल. आम्ही डंकावरच्या बायका शेजारणींना दाखवून वाहवा घेतो.

फाल्गुनात मसाला तळताना कढईतलं तेल उडालं. हातावर ओळीनं थेंब पडले आणि मी ‘आई गं’ म्हणून हात मागं घेतला. पुसून पाहिलं तर प्रत्येक थेंबाभोवती लालभडक कडं उठलेलं, आणि डागावर पडलेल्या थेंबाखाली नुसता फोड. लाली नाही, आग नाही, जसा काही तो थेंब दुसऱ्याच कुणाच्या हातावर पडला होता. बाकीचे चटके आठवड्याभरात बरे झाले. तो फोड फुटला, ओला राहिला, भरेचना. तेव्हा तुझं आणखी एक वाक्य आठवलं, जे मी गिऱ्हाइकांना कधी ऐकवलं नव्हतं. तू म्हणाली होतीस, जिथं मज्जातंतू गप्प होतो तिथं राखणदारही रेंगाळत येतात आणि जखम लवकर भरत नाही. त्या दुपारी मला डंकाचा आवाज ऐकू येईनासा झाला. डोक्यात एकच शब्द घुमत होता. महारोग. लिहून टाकला बघ एकदाचा.

ह्या गावाची माणसं तुला माहीत आहेत. जीव लावतील तर पोत्यानं लावतील, आणि भ्याली तर तीही तशीच. माझ्या हातानं कालवलेली चटणी घराघरांत बरण्यांतून भरून ठेवलेली. एकीला जरी सुगावा लागला असता तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बरण्या गटारात रिकाम्या झाल्या असत्या आणि डंकाला कुलूप लागलं असतं. त्याचंही काही नाही म्हण. पण पोरं! पोरांच्या ताटात मी वरून, लांबूनच वाढायचे. त्यांच्या वेण्या, भांग, आंघोळ, सगळं मी चिमणाबाईवर ढकललं. धाकटी कुशीत शिरायला आली की तिच्यावर खेकसायचे, ती रडायला लागली की न्हाणीघरात जाऊन आपण रडायचे. ह्यांना वाटत होतं हंगामाची दगदग आहे. राजारामपुरीत दवाखान्यांना तोटा नाही, पण एकाही पायरीवर चढायची छाती होईना, कारण इथल्या प्रत्येक कंपाउंडरची आई माझी गिऱ्हाईक. मी हातावर लांब बाह्यांचा झंपर चढवला आणि उन्हाळ्यात तो घालून डंकावर बसले. कुणी विचारलं तर म्हणायचे, मिरची उडते. कालिंदी, भीतीनं माणूस किती हुशार होतो आणि किती मूर्ख होतो, दोन्ही एकदमच.

शेवटी कोडोलीला दादाकडे जाते असं सांगून निघाले आणि मिरजेची गाडी पकडली. तिथल्या त्वचारोगाच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं नाव ऐकून होते. त्यांच्या पायऱ्या चढायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी पन्हाळा चढून आले असते. बाकावर डोक्यावरून पदर घेऊन बसले, तर समोर आमच्या सातव्या गल्लीतल्या एक बाई. नेहमीच्या गिऱ्हाईक. नाव लिहीत नाही. दोघींनी एकमेकींना पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दोघींनीही ठरवलं. त्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होत्या, मी माझ्या चपला बघत होते. उठून पळावंसं वाटत होतं. त्यांनाही तसंच वाटत असेल.

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि कापूस फिरवायला लागले. जिथं लागेल तिथं बोट ठेवा, म्हणाले. मी ठेवत गेले, आणि मग बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं ते थांबले असतील. डोळे किलकिले करून बघते तर कापूस डागावरच फिरत होता.  मी म्हटलं, डॉक्टर, मी मिरचीतली बाई, माझे हात मुरलेत. ते म्हणाले, ‘मिरचीनं आग मरते बाई, स्पर्श मरत नाही.’ मग त्यांनी माझ्या कोपरामागची शीर चाचपली. कसल्याशा औषधाचा एक थेंब डागावर टाकला, एक दंडावरच्या चांगल्या कातडीवर, आणि दोन्ही थेंबांतून सुई टोचली. मग आम्ही दोघं माझ्या हाताकडे बघत बसलो, दूध उतू जायची वाट बघावी तसे. दंडावर बारीकशी गांधी उठली, डास चावल्यावर उठते तशी, आणि तिच्याभोवती लाली पसरत गेली, छान, मोठी, झकास लाली. डागावर गांधी उठली, लाली आलीच नाही. मी मनातल्या मनात ओरडत होते, सोड गं बाई, सोड ते तुझं पी का काय ते, एकदा तरी सोड! पण सोडायला तिथं टोक राहिलं होतं कुठं? डॉक्टर हळूच म्हणाले की रोगानं आतली ती बारीक टोकं खाल्लीत, मिरचीनं रिकामी केली असती तर ती भरली असती.

कुष्ठ आहे, पण अगदी सुरुवातीचं, आणि न पसरणाऱ्या जातीचं, असं त्यांनी सांगितलं. तुमच्यापासून कुणाला होणार नाही, पोरांना नाही, नवऱ्याला नाही, आणि चटणीतून तर मुळीच नाही. आता नवी औषधं आलीत, रोज एक पांढरी गोळी आणि महिन्यातून एकदा त्यांच्यासमोर गिळायच्या लाल गोळ्या. मी ऐकत होते आणि ऐकतही नव्हते. लाल गोळ्यांनी लघवी लाल होते हे त्यांनी बजावून सांगितलं होतं, तरी घरी आल्यावर माझी बोबडी वळली. गोळ्या मेथीच्या डब्यात लपवल्या. मग एका रविवारी सकाळी पोरं खेळायला गेल्यावर ह्यांना सांगून टाकलं.  हे म्हणाले, ‘गोळ्या हायत न्हवं त्याच्यावर? मग घे की. मेलीस काय एवढ्यात?’ आणि परसात जाऊन पाण्याचा बंब घासत बसले. लग्न झाल्यापासून त्या बंबाला त्यांनी हात लावलेला मी पाहिलेला नाही. मी खिडकीतून बघत होते. तेही घाबरले होते. त्यांना घाबरलेलं बघून मला जरा बरं वाटलं, कारण एकटीला ती भीती पेलत नव्हती.

हात सांभाळायचा आहे. चटका बसला तरी कळणार नाही, म्हणून रोज डोळ्यांनी तपासायचा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. तेव्हापासून मी कालवायला लाकडी सराटा घेते, तर बायकांचा जीव खालीवर. परवा भरल्या डंकात तानाबाई कडाडली, ‘राजाक्का, सराट्यानं व्हय? हात घाल की! वर्साची चटणी हाय, म्हशीला पेंड कालवालीस व्हय?’ आणि माझा हात धरून तिनं परातीत खुपसला. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण तिचा अंगठा त्या डागापासून बोटभर अंतरावर होता आणि मी हसता हसताच दुसऱ्या हातानं बाही खाली ओढत होते. डॉक्टरांनी सांगितलेलं डोक्याला पटतं, अंगाला पटत नाही. सातव्या गल्लीतल्या त्या बाईही तिथंच होत्या. जाताना माझ्याजवळ आल्या, ‘रंग लई झ्याक आलाय औंदा,’ एवढंच म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. त्यांचं काय आहे ते मी विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही.

मग पोरांना आणि ह्यांना घेऊन मिरजेला गेले. दोन्ही पोरांचं नखशिखांत सगळं तपासून झालं, ह्यांचंही. सगळे स्वच्छ. बाहेर येऊन पोरांना बर्फाचे गोळे घेऊन दिले आणि मीही एक खाल्ला, रस्त्यात उभी राहून. मला वाटलं, सुटले. पण पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, तुमच्याकडून पोरांना येणार नव्हताच. तुम्हाला कुठून आला हा खरा प्रश्न आहे. हा रोग फार सावकाश चालतो. लहानपणी अंगात शिरतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसतो. कुणाकडून आला ते आता शोधण्यात अर्थ नाही. शाळेतलं, गल्लीतलं, कुणीही असेल, त्या माणसालाही ठाऊक नसेल. पण लहानपणी तुमच्याबरोबर वाढलेलं कोण, एका अंथरुणात झोपलेलं कोण, त्यांना एकदा दाखवून घ्या. मी दादाचं नाव सांगितलं आणि त्याला कोडोलीहून ओढून नेलं. वाटभर भांडत होता, ‘मला काय झालंय? रेड्यागत हाय की मी!’ तो रेडाही स्वच्छ निघाला. आणखी कुणी, असं डॉक्टरांनी विचारलं. माझ्या तोंडून नाही असंच गेलं. आणि परतीच्या गाडीत मला तू आठवलीस.

उन्हाळ्यात गच्चीवर माईंची एकच मोठी वाकळ असायची. कडेला दादा, मध्ये मी, पलीकडे तू. एका ताटात जेवायचो, एकमेकींचे झंपर घालायचो, गोवरही बरोबर काढला. तुझ्या डोक्यात उवा झाल्या तेव्हा माईंनी दोघींची डोकी एकदमच चोळली, कारण एकीच्या उवा दुसरीच्या डोक्यात गेल्याच असणार, ह्याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. मुंबईला गेल्यावर तू मुलांसारखं ‘मी येतो, मी जातो’ म्हणालीस की सगळे हसायचे, असं तू सांगायचीस. ते बोलणंसुद्धा आपण एकाच अंगणात शिकलो. तू नाहीस असा माझ्या लहानपणातला एक दिवस आठवायला गेले तर आठवत नाही. आजवर ही गोष्ट मला गोड वाटायची. आता तिचीच मला भीती वाटते.

आता लिहिते ते, ज्यासाठी इतकी पानं भरली. दिवाळीत तू निघालीस त्या सकाळी, रिक्षा यायची होती आणि तू माझ्या स्वयंपाकघरात घाईघाईनं पोहे खात होतीस, तेव्हा तू एक गंमत सांगितलीस. तुमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी आपापल्या हातावर मिरचीचा अर्क लावून लाली किती पसरते ते बघायचं होतं. सगळ्यांच्या हातावर लाली उठली, तुझ्या डाव्या हातावर उठलीच नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. तुझे सर हसून म्हणाले, हिचा हा हात वगळा, ही कोल्हापूरची कातडी, मिरची खाऊन मुरलेली. आणि मग तुझा उजवा हात घेतला, त्यावर मात्र ठीक आली. आपण किती हसलो होतो गं! गावाचं नाव काढलंस, असं मीच म्हटलं होतं. तुला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं, मी काय सांगणार? पण घरबसल्या एखादं छान कारण सापडलं की माणूस त्याला कसा चिकटून बसतो ते मी अनुभवलंय. मी निदान हातानं मिरची कालवत होते. तू ती नुसती खाल्लीस, आणि आपण डाव्या हातानं जेवत नाही, कालिंदी. मी चुकत असेन. मी चुकावं म्हणून रोज आमच्या जैन बस्तीत जाऊन देवापुढं हात जोडते. तू हे पत्र बाजूला ठेव, बाही वर कर, डोळे मीट, आणि माईंना, नाही, माईंना नको, कुणा मैत्रिणीला त्या जागेवर कापूस फिरवायला सांग. कळला, तर मला पोटभर शिव्या घालणारं पत्र लिही, मी ते डंकावर सगळ्यांना वाचून दाखवीन. नाही कळला, तर नुसती तार कर. मी मिळेल त्या गाडीनं येते आणि दवाखान्याच्या त्या पायऱ्या तुझा हात धरून चढते, डावाच हात धरून.

तुझ्या वाकळेतली, तुझीच
राजी